समोरची नंबरप्लेट मडगार्डवर नाही म्हणून चलन आलं, भरून टाकू का नडू?

पांदणवाला (जि. यवतमाळ)

राम राम मंडळी. गाडीच्या समोरच्या नंबरप्लेटचा नियम नेमका काय आहे हे कोणाले पक्कं माहीत असन तर सांगा, काहून की आमच्या गावात जो तो वेगळंच सांगून राहिला अन् मले पाचशेचं चलन येऊन बसलं आहे.

गाडी साधी शंभर सीसीची, २०१४ चं पासिंग, एमएच २९. एचएसआरपी (सरकारची हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) दोन्ही बाजूनं लावलेली आहे, रीतसर पैसे भरून, तारीख घेऊन. आता झालं असं का आमची वावरात जायची पांदण म्हणजे पावसाळ्यात गुडघाभर गारा (चिखल) अन् नंतर बैलबंड्यांच्या चाकोऱ्या, तर समोरचं फायबरचं मडगार्ड चिखल अडकून अडकून तडकलं अन् प्लेटसकट लोंबायले लागलं. मिस्त्री म्हणे मडगार्ड मागवा लागते, तोवर प्लेट हेडलाइटच्या खाली पत्ती लावून कसून देतो. त्यानं दोन नटबोल्टनं पक्की कसून देल्ली, समोरून पाह्यलं तर साफ दिसते, उलट मडगार्डवर होती तेव्हा चिखलानं भरून राहायची ते आता राहत नाही.

बाजाराच्या दिवशी तालुक्याले सोयाबीनचा भाव पाह्यले गेलो होतो, चौकात साहेबानं थांबवलं. लायसन दाखवलं, इन्शुरन्स दाखवला, पीयूसी होती, हेल्मेट डोक्यावर. म्हणे प्लेट जागेवर नाही, कंपनीनं मडगार्डवर जागा देल्ली तिथंच पायजे. मी म्हटलं साहेब दिसून राहिली न, तर म्हणे वाद घालू नको, अन् मशीनवर फोटो मारला, संध्याकाळी मेसेज. फोटो उघडून पाह्यला तर तो बाजूनं काढलेला, त्यात मी, टाकी, मागचं चाक, अन् मागची प्लेट तिरपी दिसते, समोरची प्लेट त्या फोटोत आहे का नाही हेच समजत नाही!

आता पारावर बसलेले म्हणते दुचाकीले समोर प्लेट लागतच नाही, मागची असली का झालं. दुसरा म्हणते लागते पण मडगार्डवरच. तिसरा म्हणते काही करू नको, लोकअदालत लागली का अर्ध्यात तोडतात, तोवर पडू दे. मले पाचशे रुपयाचं तेवढं नाही पण चूक नसताना भरायचं म्हटलं का जीवावर येते. खरं काय ते सांगा, अन् नडायचं असन त कुठं जा लागते, मुंबई-पुण्याले त जा लागणार नाही न?

तर्रीपोहा

भरून टाक न भाऊ पाचशे. डोक्याले ताप काहून करून घेतो. एक दिवसाची फवारणी बुडाली का त्याहून जास्त गेलं.

बाकी आपल्याकडे ज्याले पकडाले पायजे त्याले कोणी पकडत नाही हे खरं आहे. ४९१२ चं पवार अन् २१४ चं राम करून फिरणारे पोट्टे दिवसभर त्याच चौकातून बुंगाट जातात, वरून सायलेन्सर फोडलेला. तुझ्यासारखा हेल्मेटवाला थांबते म्हणून सापडते.

कोर्टकचेरी

पांदणवाले भाऊ, मी तालुका कोर्टात प्रॅक्टिस करतो, मोटार वाहनाची छोटी मोठी प्रकरणं रोज पाहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर समजून घ्या.

आधी पारावरच्या पहिल्या माणसाचं उत्तर. समोरची प्लेट लागते. दुचाकीला पण लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला नियम ५०, त्यात स्पष्ट आहे की नोंदणीचा नंबर सगळ्या मोटार वाहनांच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे स्वच्छ वाचता येईल असा पाहिजे. कायद्याचं मूळ म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ४१ पोटकलम ६. त्यामुळे मागची असली की झालं हा समज डोक्यातून काढून टाका, त्यावर कोणी नडलं तर पहिल्या मिनिटात हरते.

आता दुसऱ्या माणसाचं, म्हणजे तुमच्या साहेबाचं पण. मोटारसायकलच्या पुढच्या नंबराबद्दल त्याच नियमात असं आहे की तो हँडलला समांतर पाहिजे आणि मडगार्ड धरून गाडीच्या कोणत्याही भागावर चालते. मडगार्डवरच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. आज शोरूमातून निघणाऱ्या कित्येक गाड्यांना कंपनीच हेडलाइटच्या खाली प्लेट देते, मग त्या काय बेकायदा आहेत का? जागा कोणती हा मुद्दा नाहीच, मुद्दा तीन गोष्टींचा आहे. प्लेट हँडलला समांतर म्हणजे आडवी आहे का, पक्की बसलेली आहे का, आणि समोरून वाचता येते का. काही पोट्टे मडगार्डच्या एका बाजूला उभी चिकटवतात किंवा व्हायझरच्या आत काचेमागं ठेवतात, त्यांचं चलन बरोबर आहे. तुम्ही लिहिलं तसं असेल तर तुमचं म्हणणं टिकण्यासारखं आहे.

अक्षरांच्या मापाचा नियम ५१ आहे. मोटारसायकलला पुढची अक्षरं आणि आकडे ३० मिमी उंच, ५ मिमी जाड आणि मधात ५ मिमी जागा, मागे अक्षरं ३५ आणि आकडे ४० मिमी. ७० सीसीच्या आतल्या गाडीला पुढे १५ मिमी पण चालते, म्हणून जुन्या लुनावर बारीक नंबर दिसायचा. तुमची एचएसआरपी आहे म्हणजे मापाचा प्रश्नच मिटला, ती मापातच बनून येते. फक्त एक पाहा, मिस्त्रीनं पत्ती कसताना नंबराच्या अक्षरावर, होलोग्रामवर किंवा खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या लेझरनं कोरलेल्या नंबरावर बोल्ट मारला नाही ना. मारला असेल तर ती छेडछाड धरतात आणि मग तुमची बाजू कमजोर होते.

दंडाचं म्हणाल तर नंबरप्लेट नीट नसण्याला वेगळं कलम नाही, कलम १७७ लागते, पहिल्यांदा ५०० पर्यंत, पुन्हा केलं तर १५०० पर्यंत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हे आकडे झाले, आधी १०० आणि ३०० होते. चलनावर कलम कोणतं टाकलं ते नक्की पाहून घ्या. कधी कधी मशीनवर घाईत भलतंच कलम दाबलं जाते. नोंदणीच नसलेली गाडी चालवणं हा वेगळा गुन्हा आहे, कलम १९२, त्यात ५००० पर्यंत जाते. तुमच्यावर ते पडलं असेल तर बिलकुल भरू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकदा पैसे भरले की तुम्ही ते मान्य केलं असं होते. आधी भरतो मग भांडतो हे होत नाही. तर चलनाचा फोटो, तारीख, वेळ, जागा, कलम हे सगळं महाट्रॅफिकच्या ॲपवर किंवा ई-चलनच्या साइटवर काढा, गाडी नंबर आणि चेसिसचे किंवा इंजिनचे शेवटचे चार आकडे लागतील, ते आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर आहेत. तिथंच त्या चलनावर तक्रार टाकायची सोय आहे.

पांदणवाला

वकीलभाऊ लय उपकार. पाह्यलं, कलम १७७ च आहे, रुपये ५००. प्लेट आत्ता टॉर्च लावून पाह्यली, बोल्ट वरच्या काठाच्या छिद्रातून मारले आहे, म्हणजे कंपनीच्याच छिद्रातून. होलोग्राम साबूत आहे. आडवीच आहे. हँडल सरळ केलं का प्लेट एकदम समोर.

तक्रार टाकू म्हणता त फोटो कसे काढू? मोबाईल साधाच आहे, पण पोट्टीचा चांगला आहे.

निवृत्त चालक

मी एसटीत स्टेअरिंगवर होतो, आता घरी आहो. वकीलसाहेब म्हणतात ते कायद्यानं बरोबर असेल, मी त्यात पडत नाही. पण दोन गोष्टी सांगतो, राग नका मानू.

पहिली, समोरची प्लेट कशाले पायजे हे लोकांले समजत नाही म्हणून ते फालतू वाटते. रात्रीच्या वेळेस समोरून गाडी आली, ठोकून गेली, तर तुम्ही खाली पडलेले असता, मागचा नंबर पाहणार कोण? टोलवरचा कॅमेरा, पेट्रोलपंपाचा कॅमेरा, बाजार समितीच्या गेटवरचा कॅमेरा, सगळे बहुतेक येणाऱ्या गाडीचं तोंड टिपतात. आमच्या नदीपट्ट्यात रेतीचे टिप्पर पाहा, समोरच्या नंबरावर बरोबर चिखल चोपडलेला असते, बाकी गाडी धुतलेली! तो चिखल आपोआप लागत नाही. म्हणून पोलीस समोरची प्लेट पाहतो ते चुकीचं नाही, फक्त टिप्परवाल्याले सोडून शेतकऱ्याले धरते हे खटकते.

दुसरी गोष्ट हिशेबाची. कोर्टात गेलं का तारीख पडते. सोयाबीन काढणीत किंवा कापूस वेचणीच्या टायमाले तारीख पडली का गाडीभाडं, दिवसभराची रोजी अन् चहापाणी धरलं का पाचशेच्या वर जाते. तर ॲपवर तक्रार टाका, त्याले पैसे लागत नाही, घरी बसून होते. पण ते फेटाळलं गेलं अन् कोर्टातच जा लागते म्हटलं तर मी तरी भरून मोकळा होईन. तत्त्व ठीक आहे, पण गुरांच्या ढेपेचा भाव पाह्यला का?

कोर्टकचेरी

काका, तुमच्या हिशेबाला माझ्याकडे उत्तर नाही, तो खराच आहे. फक्त इतकंच की पहिल्यांदाचं मुकाट्यानं भरलं आणि प्लेट तिथंच राहिली तर पुढच्या चौकात दुसरा साहेब पुन्हा धरेल आणि तेव्हा ते दुसऱ्यांदाचं म्हणून १५०० पर्यंत जाऊ शकते. म्हणून एकदा रेकॉर्डवर आपलं म्हणणं आणून ठेवलेलं बरं.

पांदणवाले भाऊ, फोटो असे काढा. एक एकदम समोरून, गाडी सरळ उभी, हँडल सरळ, प्लेट आणि हेडलाइट दोन्ही दिसले पाहिजे. एक आठ-दहा पावलं मागं जाऊन, म्हणजे लांबून वाचता येते हे दिसेल. एक जवळून, बोल्ट आणि होलोग्राम दिसेल असा. आणि एक अगदी त्यांच्या फोटोच्या कोनातून, बाजूनं. हा चौथा फोटो सगळ्यात कामाचा, कारण त्यात दिसेल की त्या कोनातून कोणत्याही गाडीची समोरची प्लेट दिसतच नाही, मग ती मडगार्डवर असो की आणखी कुठं. फोटोत तारीख येईल असं करा. हँडलला थैली, डबा, कोयता काही लटकवून काढू नका. तसंही रोज चालवताना बाजाराची थैली हँडलला समोर लटकवायची सवय असेल तर सोडा, प्लेट थैलीनं झाकली गेली तर चलन बरोबर ठरते, मग प्लेट कुठं का असेना.

तक्रारीत गोष्ट सांगू नका, चार ओळी पुरतात. चलन नंबर, तारीख, गाडी नंबर. मग लिहा की समोरची एचएसआरपी हेडलाइटखाली हँडलला समांतर, पक्की बसवलेली आणि समोरून स्वच्छ वाचता येते, नियम ५० प्रमाणे मोटारसायकलला पुढचा नंबर गाडीच्या कोणत्याही भागावर चालतो, चलनासोबतच्या फोटोत समोरची बाजू दिसतच नाही त्यामुळे उल्लंघनाचा पुरावा नाही, सबब चलन रद्द करावं. साहेब उद्धट बोलला, शेतकऱ्यावर अन्याय, सरकार असं तसं, हे काही लिहू नका. वाचणारा पण एक कर्मचारीच आहे, त्याला मुद्दा दिसला पाहिजे.

बुटीबोरी अपडाऊन

फोटोवरून आठवलं म्हणून लिहितो. माझं प्रकरण यापेक्षा भारी होतं. मी रोज गावावरून बुटीबोरीला कंपनीत जाणं येणं करतो, गाडी कधी जिल्ह्याच्या बाहेर गेली नाही, अन् मला एका मोठ्या शहरातलं चलन आलं, सिग्नल तोडला म्हणून. फोटो उघडला तर काळी स्कूटर! माझी लाल मोटारसायकल. नंबर मात्र माझाच. म्हणजे कोणीतरी माझा नंबर टाकून फिरून राहिला होता, किंवा मशीननं एखादा आकडा चुकीचा वाचला, ३ चा ८ वाचला असं पण होते म्हणतात.

मी ॲपवर तक्रार टाकली, आरसीचा फोटो, माझ्या गाडीचे दोन्ही बाजूचे फोटो, अन् त्या दिवशी कंपनीत हजर होतो त्याचा पंचिंगचा कागद जोडला. शिवाय इथल्या पोलीस स्टेशनला लेखी अर्ज देऊन त्याची पोच घेतली की माझा नंबर कोणी वापरून राहिला. ही पोच फार कामाची आहे भाऊ, कारण उद्या त्या डुप्लिकेट गाडीनं कोणाला ठोकलं तर पहिले पोलीस माझ्या दारात येणार. चलन रद्द झालं, पण लगेच नाही, मधात मला वाटलं विसरलेच.

यासाठीच ही नवीन प्लेट आली न. मागची प्लेट स्नॅप लॉकनं बसवतात, ते लॉक एकदा काढलं का तुटते, पुन्हा बसत नाही. पण स्कूटरवाला पोट्टा बाजारातली साधी रेडियमची प्लेट लावून फिरला तर चौकातला कॅमेरा काय होलोग्राम पाहते का.

एक शंका वकीलसाहेब, ते पंधरा दिवसाचं काय आहे? आमच्या कंपनीत सगळे म्हणतात पंधरा दिवसात मेसेज नाही आला तर चलन आपोआप बाद.

कोर्टकचेरी

आपोआप काही बाद होत नाही. पंधरा दिवसाचं आहे ते नियम १६७-अ मधलं, २०२१ साली आला. कॅमेरा, स्पीडगन अशा यंत्रानं पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांच्या आत पाठवायची, आणि ते रेकॉर्ड चलनाचा निकाल लागेपर्यंत जपून ठेवायचं असं त्यात आहे. त्या यंत्राला राज्याच्या अधिकाऱ्याचं मान्यता प्रमाणपत्र पाहिजे, दरवर्षी नूतनीकरण पाहिजे, आणि पुढे कॅमेरा आहे असा बोर्ड पण रस्त्यावर पाहिजे. उशीर झाला असेल तर तो तुमचा मुद्दा आहे, तक्रारीत किंवा कोर्टात मांडायचा. पोर्टल स्वतःहून काही पुसत नाही.

तसंच एक सहा महिन्याचं फिरते व्हॉट्सॲपवर. ज्या गुन्ह्याला फक्त दंडच आहे त्याची दखल कोर्टाने ६ महिन्याच्या आत घ्यायची ही मुदत खरी आहे, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ५१४, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत (सीआरपीसी) ४६८ होतं. पण उशीर माफ करायचा अधिकार पण कोर्टाला आहे. आणि तुम्ही सहा महिने गप्प बसले म्हणून चलन ॲपवरून जात नाही, गाडी विकायला काढली आणि आरटीओत नाव बदलायला गेले की तिथं आडवं येते.

आणि हो, २०२५ मध्ये वाहतूक विभागाच्या अप्पर पोलीस महासंचालकांनी परिपत्रक काढलं की पोलिसांनी स्वतःच्या खाजगी मोबाईलवर फोटो काढून नंतर चलन टाकायचं नाही. पांदणवाले भाऊंचा फोटो सरकारी मशीनवरचा आहे, त्यामुळे त्यांना याचा उपयोग नाही, पण बाकीच्यांनी लक्षात ठेवा.

काळीमाती (जि. वाशीम)

माझा ट्रॅक्टरचा प्रश्न आहे, इथंच विचारतो. समोर डोझर लावला का त्याच्या पात्यामागं नंबरप्लेट झाकून जाते. अन् ट्रॉलीचं काय? ट्रॉलीवर फक्त मुलाचं नाव अन् "मातोश्री कृपा" लिहिलेलं आहे, आमच्याकडे सगळ्यांच्याच ट्रॉलीवर तेच आहे. कापूस जिनिंगले नेताना अडवलं तर?

अन् माझा चुलतभाऊ अमेरिकेत फ्लोरिडाले आहे, तो म्हणते तिकडे समोर प्लेटच नसते. मग आपल्याकडेच काहून?

तर्रीपोहा

फ्लोरिडात पांदण नसते भाऊ 😂

कोर्टकचेरी

चुलतभाऊ खोटं बोलत नाही. अमेरिकेत हा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा आहे, फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन इकडे कारला फक्त मागची लागते, कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यूयॉर्कमध्ये दोन्ही लागतात, ओहायोनं तर २०२० मध्ये समोरची काढून टाकली. आपल्याकडे नियम केंद्राचा आहे, गडचिरोलीपासून गुजरातपर्यंत एकच. फ्लोरिडाचा दाखला इथल्या कोर्टात चालत नाही, हे मी गमतीनं नाही सांगत, एकानं खरंच दिला होता.

ट्रॅक्टरचं. डोझर, लोडर लावून रस्त्यावर आणलं आणि नंबर झाकला गेला तर तो झाकलेलाच धरला जाईल. तुमच्या वावरात काय करता त्याच्याशी कोणाला देणं नाही, पण डांबरी रस्त्यावर निघताना एकतर डोझर काढा नाहीतर प्लेट दिसेल अशा जागी पक्की घ्या. ट्रॉली हे कायद्यानं वेगळं वाहन आहे, तिची वेगळी नोंदणी आणि वेगळा नंबर असतो, आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर पण ट्रॉलीच्या मागे दिसला पाहिजे, कारण ट्रॅक्टरची मागची प्लेट ट्रॉलीमागं झाकली जाते. मातोश्री कृपा राहू द्या, त्याच्याखाली नंबर टाका. ट्रॉलीची नोंदणीच नसेल तर ते १७७ चं पाचशेचं प्रकरण नाही, वर सांगितलं ते १९२ लागू शकते. अपघात झाला तर विमा कंपनी पहिले तेच विचारते.

एचएसआरपीचा दर ट्रॅक्टरला दुचाकीएवढाच आहे, ४५० अधिक जीएसटी म्हणजे ५३१. चारचाकीला ७४५ अधिक जीएसटी. एप्रिल २०१९ नंतरची गाडी असेल तर ती कंपनीकडूनच लागून आलेली असते, वेगळं काही करायचं नाही. कोणी गावात येऊन नगदी घेऊन प्लेट लावून देतो म्हणाला तर देऊ नका, ती बाहेरची प्लेट असते, नोंद कुठंच होत नाही.

निवृत्त चालक

ट्रॉलीच्या मागं रेडियमच्या पट्ट्या पण लावा म्हणा त्यांले. नंबर पाहणं दूर, रात्री बंद ट्रॉली रोडवर उभी राहते ते दिसतच नाही. मी स्टेअरिंगवरून किती वेळा शेवटच्या क्षणाले कट मारला आहे.

पांदणवाला

मंडळी, तक्रार टाकली. पोट्टीनंच टाकून देल्ली, फोटो वकीलभाऊ म्हणाले तसेच चार. बाजूनं काढलेला फोटो पाह्यला तर खरंच समोरची प्लेट कुठंच दिसत नाही, शेजाऱ्याच्या नवीन गाडीचा पण तसाच काढून जोडला, त्याची प्लेट मडगार्डवर आहे तरी दिसत नाही! लिहिताना मले बाकी सगळं लिहायचं होतं त्या साहेबाबद्दल, पण तिनं लिहू देल्लं नाही.

आता लोकअदालतीचं राहिलं. गावातला तो अजून म्हणून राहिला का थांब, अर्ध्यात तुटते. अन् कोर्टाचा कागद आलाच तर वकील लावा लागते का? लावला तर त्याची फी पाचशेत बसत नाही, हे तुमाले म्हणत नाही वकीलभाऊ, तुम्ही वेगळे.

कोर्टकचेरी

पोट्टीला शाबासकी द्या, शेजाऱ्याच्या गाडीचा फोटो माझ्या पण डोक्यात नव्हता आला.

लोकअदालत भांडायची जागा नाही हे आधी लक्षात घ्या. तिथं तडजोड होते. तुम्ही थोडे कमी भरता आणि प्रकरण मिटते, कधी सवलत चांगली मिळते कधी नाही, ते त्या त्या वेळच्या निर्णयावर आहे. पण तिथं मान्य केलं की तो निवाडा अंतिम, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम २१ प्रमाणे त्याच्यावर अपील नाही. ज्याची चूक आहे आणि चलनं साचलेली आहेत त्याच्यासाठी लोकअदालत उत्तम. तुमची चूक नाही असं तुमचं म्हणणं आहे तर तिथं जाऊन अर्धी चूक कबूल करण्यात अर्थ नाही. हां, तक्रार फेटाळली गेली आणि काका म्हणतात तसा हिशेब जमला नाही, तर मग तो रस्ता आहेच. मात्र नोटीस आली तर घरी ठेवून गप्प बसू नका.

कोर्टाचं दोन प्रकारे होऊ शकते. ट्रॅफिक चलनांसाठी आपल्याच नागपूर जिल्ह्यात काटोलला २०२० मध्ये व्हर्च्युअल कोर्ट सुरू झालं, त्यात प्रकरण गेलं तर मोबाईलवरच दिसते, दंड भरायचा की लढायचं हे तिथंच निवडायचं. लढायचं निवडलं की ते नेहमीच्या कोर्टाकडे येते, म्हणजे मुंबई-पुण्याला जायचं काम नाही. नाहीतर सरळ समन्स येईल, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. तिथं विचारतात गुन्हा कबूल आहे का. कबूल नाही म्हणायचं आणि सांगायचं की प्लेट नियमाप्रमाणे होती. मग पुरावा द्यायची जबाबदारी त्यांची, आणि त्यांच्याकडे तो बाजूचा एकच फोटो आहे.

वकील लावलाच पाहिजे असं नाही, स्वतः उभं राहता येते. परवडत नसेल आणि तरी पाहिजे असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, कोर्टाच्या आवारातच असते, पात्र असाल तर फुकट वकील देतात. जाताना आरसी, चलनाची प्रिंट, चार फोटोंची प्रिंट आणि तक्रार टाकल्याचा नंबर न्या. मोबाईलमधला फोटो साहेबांना लांबून दाखवू नका, कागदावर काढून न्या.

काळीमाती (जि. वाशीम)

पांदणवाले भाऊ, मडगार्ड आलं का मंग प्लेट परत तिथंच लावसान का हेडलाइटखालीच राहू देसान? मिस्त्रीनं काढताना वाकवली तर नवीन प्लेटचे पैसे पुन्हा लागतीन.

पांदणवाला

राहू देतो तिथंच. मडगार्ड कोरं बसवतो. आता तक्रारीत हीच जागा बरोबर म्हणून फोटो लावून देल्ले, अन् मीच परत हलवली तर साहेब म्हणन पाहा, ह्यालेच पटलं नव्हतं.